आमच्या सणांचें ताट व वसईचा बाजार

देवळाचा इतिहास लिहावयाचा म्हटलें कीं, पायाभरणीचें साल, धर्मगुरूंची यादी, घंटा कोणी दिली व वेदी कोणी बांधली, एवढी माहिती सहसा पुढें येते. ती हवीच. परंतु ज्या भाविकांकरितां देऊळ उभें राहिलें त्यांनीं सणाच्या दिवशीं चुलीवर काय चढविलें, बाजारांतून काय आणिलें आणि शेजाऱ्याच्या घरीं काय पाठविलें, याची नोंद कोणत्याही दफ्तरांत सांपडत नाहीं. बाप्तिस्म्याच्या वहीनें आमच्या पूर्वजांचीं नांवें राखिलीं. त्यांच्या हाताची चव मात्र घरोघरच्या आजीनेंच राखिली. म्हणून या ज्युबिलीच्या निमित्तानें वसईचे बाजार, दुकानें, जत्रा व सणांचीं पक्वान्नें यांजकडे इतिहासाचें साधन म्हणून पाहावें, असें आम्हीं योजिलें आहे.

आमचा हा किनारा प्रथमपासूनच व्यापाराचा. शेजारचें सोपारें हें प्राचीन शूर्पारक बंदर. तेथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस बौद्ध स्तूपाचे अवशेष व अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. अशा या प्रदेशांत गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरु आले, संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय या भूमीला लागले, आणि याच वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांनीं १५९७ सालीं जपानांतील नागासाकी येथें ख्रिस्तासाठीं प्राण दिला. धर्म बदलला, परंतु शेत तेंच राहिलें, विहीर तीच राहिली आणि ताटांतला भातही तोच राहिला. प्रभूच्या प्रार्थनेंत आमच्या लोकांनीं आकाशांतल्या बापाजवळ रोजची मागितली ती भाकर. ही गोष्ट लहान दिसली तरी विचार करण्याजोगी आहे.

ताट तेंच राहिलें, तरी त्यांत नवीन जिन्नस पुष्कळ आले. पोर्तुगीज गलबतांनीं अमेरिका खंडांतून आणिलेल्या वस्तु आज इतक्या घरच्या झाल्या आहेत कीं, त्या परक्या होत्या हें सांगूनही पटत नाहीं. बटाटा, काजू, अननस, पपई हीं नांवेंच त्या भाषेंतून आलीं. मिरचीही त्याच वाटेनें आली. तिला मात्र आपल्या लोकांनीं जुन्या मिऱ्याच्या नांवावरून आपलें नांव दिलें. पाव हा शब्दही पोर्तुगीजच. लग्नांत वाढलें जाणारें इंद्याल हें मूळचें द्राक्षमद्य व लसूण यांत मुरविलेलें मांस. येथें त्याला मिरची व मसाला मिळाला आणि तें आमचें झालें. फार कशाला, १९६० च्या दशकांत मुंबईंत उदयास आलेला वडापाव पाहा. त्यांतील बटाटा व पाव दोन्ही समुद्रावरून आलेले, बेसनाचें आवरण व फोडणी येथली. आणि आज कोणत्याही स्टेशनाबाहेर उभें राहून जो तो त्याला आपला मानून खातो.

मात्र स्वयंपाकघर हें नेहमींच शांततेचें स्थान नव्हतें, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. १७३६ सालीं गोव्याच्या धर्मन्यायासनानें एक हुकूम काढून तेथील ख्रिस्ती लोकांस अनेक देशी चालीरीति निषिद्ध ठरविल्या. त्यांत पेहेराव व लग्नांतील गाणीं तर होतींच. पण भात बिनमिठाचा शिजवून मीठ मागाहून घालण्याची रीतही होती! भातांत मीठ केव्हां घालावें यावरून मनुष्याची श्रद्धा जोखली जावी, हें आज वाचतांना मन खिन्न होतें. आणि याच्या पाऊणशें वर्षें आधीं, १६५९ सालीं, रोमच्या धर्मप्रसार मंडळानें पूर्वेकडील देशांस निघालेल्या धर्मप्रतिनिधींस स्पष्ट बजाविलें होतें कीं, श्रद्धेला व नीतीला उघड विरोध नसेल तर लोकांच्या चालीरीति बदलण्याचा यत्न करूं नये. रोमची ती सूचना त्या काळीं फारशी कोणी मनावर घेतली नाहीं. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली, युरोपीय धर्मगुरु निघून गेले, आणि जे गोवेकर धर्मगुरु मागें आले त्यांनीं येथील भाविकांस सांभाळलें. त्या अडचणीच्या काळांत श्रद्धाही टिकली व चालीरीतिही टिकल्या. आमच्या मतें याचें मोठें श्रेय घरांतल्या स्त्रियांस आहे.

आतां बाजाराकडे वळूं. आगाशीचीं सुकेळीं ज्याला ठाऊक नाहींत तो वसईकर नव्हे. राजेळी जातीचीं पिकलेलीं केळीं सोलून मांडवावर उन्हांत घालावयाचीं, सायंकाळीं गोळा करून झांकावयाचीं, सकाळीं पुन्हां पसरावयाचीं. असें कांहीं दिवस केल्यावर मधाच्या रंगाचें चिवट व गोड सुकेळें तयार होतें. त्यांत साखरेचा कण नाहीं. ऊन, श्रम व धीर एवढेंच काय तें भांडवल. १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरांतही या मालाची वाखाणणी आहे. कार्तिक वद्य एकादशीस निर्मळची जत्रा भरते. ती हिंदु बांधवांची यात्रा. परंतु त्याच निर्मळ गांवीं पवित्र क्रुसाचें देऊळही आहे, आणि जत्रेंतल्या दुकानांपुढें आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या उभे राहत आले आहेत. मिठाई हलवायाची, सुकी मासळी कोळणीची, केळीं वाडीवाल्याची. घेणाऱ्याची जात व धर्म पैशावर लिहिलेला नसतो.

रेल्वे आली आणि या बाजाराचें तोंड मुंबईकडे फिरलें. १८६४ सालीं गुजरातकडील लोहमार्ग मुंबईपर्यंत पोंचला आणि १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली. मग वसईची भाजी, फुलें व दूध पहांटेच्या गाडीनें मुंबईस जाऊं लागलें. विड्याचीं पानें तर थेट उत्तर हिंदुस्थानांत पोंचलीं. येतांना त्याच गाडीनें शहरचे पदार्थ आले. स्टेशनाजवळ चहाचीं दुकानें व खानावळी निघाल्या, आणि बाहेर बसून खाणें ही पूर्वीं संकोचाची असलेली गोष्ट नित्याची झाली.

आमचें उपोषणही बाजाराशीं जोडलेलें होतें. शुक्रवारीं मांस वर्ज्य, म्हणून मासळी. आणि अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांतले बोंबील दाराशीं आल्यावर तें व्रत कठीण तें कसलें! १९६६ सालीं पोप सहावे पॉल यांनीं हा नियम सैल करून त्याच्या जागीं प्रार्थना वा दानधर्म ठेवण्याची मोकळीक धर्मप्रांतांच्या अधिपतींस दिली. परंतु त्यागाचें मर्म टोपलींत नसून मनांत असतें, हें आमच्या वडीलधाऱ्यांस त्यापूर्वींही ठाऊक होतें.

सणांत नाताळ मोठा. करंज्या घरोघर होतात. त्यांतील नारळाचें सारण दिवाळीच्या करंजीहून वेगळें नाहीं, आणि तसें तें नसावेंच. फुग्यांचें पीठ पूर्वीं ताडीनें आंबवीत. १८७८ च्या आबकारी कायद्यानें ताडीवरील बंधनें आवळलीं व १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें तीं आणखी कडक झालीं; आतां दुकानांतलें यीस्ट तें काम करतें. मुंबई–साष्टीच्या ईस्ट इंडियन गांवांतून ऑक्टोबरांत आगेऱ्याचा सण होतो. नव्या भाताच्या लोंब्या मिरवीत देवळांत आणून त्यांवर आशीर्वाद मागतात, आणि पिकाचें पहिलें फळ देवाचें, ही जुन्या करारापासूनची शिकवण डोळ्यांपुढें मूर्त होते.

परंतु भाताचें शेतच उरलें नाहीं तर लोंबी कोठून आणावी? १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी हरित वसईसाठीं उभे राहिले, तेव्हां तो प्रश्न केवळ झाडांचा नव्हता. आमच्या ताटाचाही होता. २००९ सालीं वसई–विरार महानगरपालिका झाली. इमारती वाढल्या, नवे शेजारी आले, त्यांच्याबरोबर नवे पदार्थही आले. त्यांचें स्वागत असो; पाव व मिरची ज्यांनीं आपलीशी केली त्यांनीं नव्या चवीला भिण्याचें कारण नाहीं. भय आहे तें दुसरेंच. वाडी विकली जाते, विहीर खारट होते, सुकेळीं करणारीं घरें थोडीं उरतात, आणि नाताळचें ताट पुठ्ठ्याच्या खोक्यांतून विकत येतें. विकतच्या करंजीला चव नसते असें नव्हे. परंतु ती लाटावयास चार घरच्या बायका एकत्र बसत नाहींत, आणि खोकें मोजून आणिलेलें असल्यामुळें शेजारच्या हिंदु वा मुसलमान घरीं ताट पाठविण्याचें कोणाला सुचत नाहीं. ताट गेलें कीं त्याबरोबर ओळख जाते, आणि ओळख गेली कीं शेजारधर्म जातो.

यास्तव या ज्युबिलीच्या वर्षीं आमच्या धर्मग्रामस्थांस आमची दोन मागणीं आहेत. प्रत्येक घरांतील वडील स्त्रीकडून सणाच्या पदार्थांचीं नांवें व कृति तिच्याच बोलींत लिहून घ्याव्या आणि ती वही देवळाच्या दफ्तरांत आणून द्यावी; बाप्तिस्म्याच्या वहीशेजारीं तिला आम्ही आनंदानें जागा देऊं. आणि महोत्सवाच्या भोजनास भाजी, केळीं व मासळी आपल्याच वाड्यांतून व कोळीवाड्यांतून घ्यावी, घरीं रांधावी, आणि पहिलें ताट ज्याच्या घरीं त्या दिवशीं चूल पेटणार नाहीं त्याच्याकडे पोंचवावें. प्रभूनें आपली आठवण ठेवावयास सांगितलें तें भोजनाच्या मेजाशींच. त्या मेजाचे पाहुणे म्हणवून घेणारांनीं आपलें ताट एकट्यानें जेवूं नये.