मृतस्मारके, मावळातील

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मावळ तालुक्यात मृतांच्या स्मरणार्थ उभारलेली, भिन्न काळांतील व भिन्न धर्मपरंपरांतील स्मारके. कोकणातून बोरघाटामार्गे दख्खनच्या पठारावर जाणारी प्राचीन वाट या प्रदेशातून जाते. भिक्षू, सरदार व परदेशी सैनिक यांची स्मारके या वाटेच्या परिसरातच आढळतात.

त्यांतील सर्वांत प्राचीन स्मारके बौद्धांची होत. लोणावळ्याजवळील भाजे येथे इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून लेणी खोदली गेली. तेथे चैत्यगृहापासून काही अंतरावर लहानमोठ्या चौदा स्तूपांचा समूह असून त्यांपैकी पाच लेण्याच्या आत व नऊ बाहेर आहेत. दहनानंतर उरलेल्या अस्थींवर स्तूप रचण्याची बौद्ध प्रथा प्रसिद्धच आहे. भाजे येथील स्तूप मात्र अखंड खडकातच घडविलेले असल्याने त्यांना रूढ अर्थाने थडगी म्हणता येत नाही. ती दिवंगत स्थविरांची स्मृतिचिन्हे होत. काहींवर ब्राह्मी लिपीत धम्मगिरी, संघदिन यांसारखी नावे आदरार्थी उपाधींसह कोरली आहेत. कान्हेरी येथेही भिक्षूंच्या स्मारकस्तूपांची अशीच दाटी आढळते.

बेडसे येथील एका लहान स्तूपावरील लेख अधिक बोलका आहे. अरण्यात राहणारा व भिक्षेवर निर्वाह करणारा गोभूती याचा हा स्तूप त्याच्या अंतेवासी शिष्याने करविला, असे त्यात म्हटले आहे. ज्याने आयुष्यभर संग्रह टाळला, त्याचे नाव शिष्याच्या निष्ठेमुळे दोन हजार वर्षे टिकले.

मराठा काळात दहनस्थानी किंवा अन्यत्र समाधी बांधण्याची प्रथा रूढ होती. तळेगाव दाभाडे येथे बनेश्वर मंदिराच्या परिसरात सेनापती खंडेराव दाभाडे (मृ. १७२९) यांची समाधी आहे. येथे स्मरणाचे दायित्व शिष्याकडून घराण्याकडे आलेले दिसते.

वडगाव येथील कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट याचे थडगे वेगळ्या प्रकारचे आहे. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धात (१७७५–८२) राघोबादादास पेशवेपदी बसविण्यासाठी मुंबईहून निघालेल्या इंग्रज फौजेतील हा अधिकारी ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे मारला गेला. त्याच महिन्यात त्या फौजेला वडगाव येथे मानहानिकारक तह करावा लागला. स्ट्यूअर्टच्या शौर्यामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून गौरविले. त्याच्या थडग्याविषयी स्थानिक लोकांत श्रद्धाभावही निर्माण झाला. शत्रूपक्षाने जतन केलेली अशी स्मृती विरळाच होय.

या स्मारकांतून मृतांइतकीच मागे राहिलेल्यांचीही ओळख पटते. शिष्य, वंशज व प्रतिपक्ष अशा तिघांनी येथे स्मृती राखली आहे. भाजे येथील सर्व स्तूपांवर मात्र वाचता येतील अशी नावे उरलेली नाहीत. ऊन-पावसाने झिजणारी अक्षरे पुसली गेल्यास उरलेले स्थविरही अनामिक होतील. म्हणूनच स्तूपांच्या संरक्षणाइतकेच त्यांवरील कोरीव लेखांचे जतनही महत्त्वाचे ठरते.