चर्मवेश आणि स्मृतीचा प्रश्न

वेश हे केवळ देहाचे आच्छादन नसते. ती एका समूहाची संहिताही असते. अमेरिकेतील समलिंगी पुरुषांच्या ‘लेदर’ समूहाचा इतिहास पाहताना याची प्रचीती येते. १९५४ साली लॉस एंजलिसमध्ये ‘सॅटर्स’ हे मोटारसायकलस्वारांचे मंडळ निघाले. समलिंगी पुरुष म्हणजे बायकी, या रूढ प्रतिमेला काळ्या कातड्याचे जाकीट हे उत्तर होते. मराठीत ‘चामडे’ म्हणताच जातीने लादलेला श्रम आणि विटाळ आठवतो. येथे मात्र ते स्वेच्छेने धारण केलेले चिन्ह आहे. १९७९ पासून शिकागोत ‘इंटरनॅशनल मिस्टर लेदर’ हे संमेलन भरू लागले आणि ही खाजगी भाषा काही दिवसांपुरती सार्वजनिक झाली.

अशा संमेलनांत आता श्वानमुखवटा घालून पिलाची भूमिका करणारेही दिसतात. त्यास विकृती म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ही भूमिका परस्परसंमतीने ठरते आणि उतरवताही येते. म्हणून तिला नाट्य म्हणणेच अधिक युक्त होय.

एड्सच्या साथीत या नाट्यातील कित्येक पात्रे गेली. त्यांची पत्रे, छायाचित्रे, जाकिटे लाजेपोटी फेकली जाण्याचे भय होते. १९९१ साली चक रेन्स्लो व टोनी डीब्लेस यांनी शिकागोत ‘लेदर अर्काइव्ह्ज अँड म्युझियम’ स्थापन केले, ते या पार्श्वभूमीवर. शिष्टसंमत इतिहास ज्याला कचरा मानतो, तेच कित्येकदा एखाद्या समूहाचे एकमेव दफ्तर असते. ते आधी वाचावे; निवाडा नंतर.