तंजावरात चातुर्मासाला आलेले बुवा

1855 साली तंजावरचे दुसरे शिवाजीराजे वारले, मागे पुत्र नव्हता, आणि कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं. व्यंकोजीराजांपासून चाललेलं जवळजवळ 180 वर्षांचं मराठी राज्य संपलं. आपल्याकडे तंजावरचा इतिहास इथंच थांबवतात. मला मात्र त्यापुढची दहा-पंधरा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

1860 नंतरच्या त्या काळात रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे कीर्तनकार तंजावरात आले आणि चातुर्मासभर राहिले. दरबार गेला होता, पण मराठी समजणारी घरं होती, रामदासी मठ होते, राजवाड्यात सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह होता. निरूपणं तिथं आधीपासून होत. बुवांच्या कीर्तनाची बांधणी मात्र लोकांना नवी वाटली. आधी पूर्वरंग, मग एकच आख्यान, त्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग अशी वृत्तं प्रसंगाप्रमाणे बदलत जाणारी, मध्येच चिमटा काढणारा विनोद, आणि हातात चिपळ्या.

ऐकणाऱ्यांत कृष्ण भागवतर होते. गळा कर्नाटक संगीतात तयार झालेला. त्यांनी ही बांधणी उचलली, तिच्यात त्यागराजांच्या कृती आणि तमिळ पदं बसवली, आणि आज जिला तमिळ हरिकथा म्हणतात ती उभी केली. साकी-दिंडी ही नावंसुद्धा तशीच ठेवली. पाहुण्याकडून घ्यावं तर असं घ्यावं!

हे जमलं कसं? माझ्या मते मुक्कामामुळे. चार महिने तोच माणूस पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाला की गोष्ट पाठ होते आणि मग लक्ष कारागिरीकडे जातं: कुठं थांबला, गाणं कुठं घातलं, रडणाऱ्या बाईला पुढच्याच वाक्यात कसं हसवलं. फौजेत ड्रिल पाहून शिकवता येत नाही, शंभर वेळा करून घ्यावी लागते. कीर्तनात ती सोय आहेच. मागे उभा राहून ध्रुपद धरणारा साथीदार रोज करता करता शिकतो. हरिकथेतही मागे गाणारा असतो.

मी कुंभकोणमला राहतो. सर टी. माधवराव, त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण, याच गावात 1828 साली जन्मले. इथल्या मराठी घरांतली मुलं आता देवनागरी वाचत नाहीत. बोलतात ती आजीशी, तेही अर्धं तमिळमध्ये. इथल्या एका शाळेला बाहेरून कथाकथनकार आणायचा आहे, वार्षिक दिनी, दोन तासांसाठी. टाळ्या मिळतील, फोटो निघतील. मुलांच्या तोंडी गोष्ट येईल असं मला वाटत नाही.

मी मुख्याध्यापकांना वेगळा हिशेब लिहून दिलाय. आषाढ ते कार्तिक, दर गुरुवारी एक तास, तोच कथेकरी. पहिला महिना मुलांनी फक्त ध्रुपद धरायचं. दुसऱ्या महिन्यात ऐकलेलं एकच आख्यान प्रत्येकानं आपल्या घरच्या भाषेत सांगायचं, तमिळ असो, सौराष्ट्री असो, की आजीची तंजावरी मराठी. विनोद ज्याचा त्यानं शोधायचा. खर्च वार्षिक दिनाच्या मांडवापेक्षा कमीच येतो, तोही आकड्यांत मांडलाय. कथेकरी तंजावरहून यायला तयार आहेत. बस सकाळी साडेसहाची.