नदीतील खेकडा : एका श्लेषाचा इतिहास

संस्कृत साहित्यशास्त्राने श्लेषाची गणना अलंकारांत केल्यामुळे त्याचा विचार बहुधा काव्यसौंदर्याच्या अंगानेच होत आला. परंतु हाच श्लेष प्रसंगी राजसत्तेशी सामना करण्याचे साधन ठरतो, हे चीनमधील पुढील उदाहरणावरून दिसून येईल.

२००४ साली हू जिंताओ यांच्या नेतृत्वाखाली चिनी साम्यवादी पक्षाने ‘सुसंवादी समाज’ हे ध्येय पुढे मांडले. पुढे आंतरजालावरील एखादा मजकूर काढून टाकला गेला, म्हणजे ‘त्याचा सुसंवाद करण्यात आला’ असे लोक उपरोधाने म्हणू लागले. सुसंवादवाचक ‘हश्ये’ आणि नदीतील खेकड्याचे नाव यांत भेद आहे तो केवळ दुसऱ्या अक्षराच्या सुराचा. साहजिकच सुसंवादाची जागा खेकड्याने घेतली. चित्रांतून या खेकड्याला तीन घड्याळेही मिळाली. कारण जियांग झेमिन यांच्या ‘तीन प्रतिनिधित्वे’ या सिद्धांतातील ‘दाइब्याओ’ या शब्दाचा उच्चार ‘घड्याळ घालणे’ या प्रयोगाशी तंतोतंत जुळतो.

जानेवारी २००९ मध्ये आंतरजालावरील अश्लीलतेविरुद्ध सरकारी मोहीम सुरू झाली. त्याच सुमारास बायदूच्या ज्ञानकोशात काही काल्पनिक प्राण्यांच्या नोंदी अवतरल्या. त्यांतील ‘त्साओ नी मा’ म्हणजे ‘गवत-चिखल-घोडा’. सूर बदलताच हेच नाव आईवरून दिलेली शिवी होते. अल्पाका या प्राण्याचे रूप त्याला देण्यात आले; आणि त्याने खेकड्यांचा पराभव केल्याची कथा गीतांतून व चित्रफितींतून सर्वत्र पसरली.

या प्रसाराचे मूळ भाषेच्या घडणीत आहे. सूर वगळल्यास मँडारिनमध्ये अक्षरांची संख्या सुमारे ४०० च भरते. त्यामुळे समोच्चारी शब्द विपुल आहेत. देवनागरीत सारखा उच्चार बहुधा सारखाच लिहिला जातो. चिनी लिपीत मात्र त्याला वेगवेगळी चिन्हे असतात. शब्दांची यांत्रिक चाळणी चिन्हे पाहते, वाचकाचा कान ध्वनी ऐकतो. या दोहोंमधील अंतरातच श्लेषाला आश्रय मिळाला. शिवाय प्राण्याचे चित्र काढता येते. अमूर्त ‘सुसंवादा’चे येत नाही.

अर्थात हा आश्रय चिरस्थायी नव्हे. श्लेष सर्वज्ञात झाला, की चाळणीच्या यादीत त्याचीही भर पडू शकते. नोव्हेंबर २०१० मध्ये कलावंत आय वेवे यांनी पाडावयाच्या आपल्या शांघाय येथील कार्यशाळेत खेकड्यांची मेजवानी योजिली. त्यांना स्वतःला बीजिंगमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये तर प्रसारणातील व जाहिरातींतील म्हणींच्या शाब्दिक मोडतोडीस सरकारी आदेशाने मनाई झाली. शब्दांवर पाळत ठेवणाऱ्या सत्तेला अखेर उच्चारसाम्याचीही दखल घ्यावी लागली, हेच या श्लेषाच्या सामर्थ्याचे प्रमाण होय.