रँग्लर परांजपे यांचे मंत्रिपद

शिरढोण म्हटले की वासुदेव बळवंत फडके यांचे नाव ओठांवर येते. पनवेलजवळच्या या गावी 1845 साली जन्मलेल्या त्या बंडवाल्याचा अंत 1883 साली एडनला कैदेत झाला, हे वाचकांस ठाऊकच आहे. परंतु पुण्याच्या नेटिव्ह इन्स्टिट्यूशन या शाळेच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते, हे आम्ही विसरतो. शस्त्र हाती घेणाऱ्यासही शाळा हवीच होती. कोकणच्याच दुसऱ्या एका पुत्राने तेच काम सरकारात शिरून करून पाहिले. त्याची हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म 1876 साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी येथे झाला. 1899 साली केंब्रिज येथे सीनियर रँग्लर होणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. या कीर्तीच्या बळावर मोठी सरकारी नोकरी सहज मिळती; त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकविणे पत्करले व 1902 साली तेथील प्राचार्यपद स्वीकारले. राजकारणात ते गोखल्यांच्या पंथाचे, नेमस्त.

1919 च्या सुधारणांनी शिक्षणखाते लोकांच्या मंत्र्याकडे सोपविले, पण तिजोरी राखीव ठेविली. काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्कार घातला. प्रागतिक मंडळी आत गेली, आणि 1921 साली परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. सक्तीच्या शिक्षणाचे गोखल्यांचे बिल 1912 साली फेटाळले गेले होते. बडोद्यास सयाजीरावांनी 1906 सालीच सक्ती राज्यभर लागू केली होती. पण महाराजांपाशी हुकूम आणि पैसा दोन्ही होती, मंत्र्यापाशी दोहोंपैकी पुरते एकही नव्हते.

तरीही 1923 साली मुंबईचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. शाळांचा कारभार लोकलबोर्डे व म्युनिसिपालिट्या यांच्या हाती आला. सक्तीची योजना त्यांनी आखावी, खर्चाचा काही भार सरकारने उचलावा, अशी व्यवस्था ठरली. सक्ती केलीच पाहिजे, असे बंधन मात्र नव्हते. बोर्डांच्या थैल्या रिकाम्या, त्यामुळे योजना रेंगाळल्या. यास मंत्र्याचे भित्रेपण म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असता घर चालविण्याचे पत्करले, हा दोष असेल तर तो त्यांच्या पदरी खुशाल घालावा.

त्याच वर्षी त्यांचे ते मंत्रिपद संपले. पुढे 1932 साली ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू व 1944 साली ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर झाले. ते पद त्यांनी 1947 साली सोडले. त्याच साली मुंबई सरकारने प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा केला. या वेळी तिजोरीची किल्लीही लोकांच्याच मंत्रिमंडळाकडे होती.