पानावरचा ठिपका कोणाचा?

पानावर ठिपके दिसले की आपल्या तोंडी चटकन येणारा प्रश्न असतो, 'याच्यावर काय फवारायचे?' त्याच्याआधी विचारायला हवा असा प्रश्न म्हणजे, 'हा ठिपका कशामुळे पडला?' हा प्रश्न नीट विचारायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. उत्तर अमेरिकेतील मिल्कवीड या रानटी झाडाच्या निमित्ताने हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईचे नातलग. पान तोडले की पांढरा चीक येतो, शेंगा फुटल्या की रेशमी म्हाताऱ्या उडतात. 1753 साली लिनीयसने या प्रजातीला अ‍ॅस्क्लेपिअस हे ग्रीक वैद्यदेवतेचे नाव दिले. शेतकऱ्याच्या लेखी मात्र ते तणच. दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपानच्या ताब्यात गेले आणि तिथून येणारा शेवरीसारखा कापूस बंद झाला. तेव्हा जीवरक्षक जाकिटांत भरण्यासाठी अमेरिकेतील शाळकरी मुलांनी या तणाच्या शेंगा पोत्यांनी गोळा केल्या. युद्ध संपले आणि ते पुन्हा तण झाले.

मोनार्क फुलपाखराचे सुरवंट मात्र याच झाडांच्या पानांवर वाढतात. 1996 पासून तणनाशक सहन करणारी सोयाबीन, आणि पुढे तसाच मका, अमेरिकेत पेरला जाऊ लागला. शेतातील तणनाशकाचा वापर वाढला आणि पिकांच्या ओळींमध्ये तग धरून असलेले मिल्कवीड नाहीसे होऊ लागले. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात 1999 ते 2010 या काळात मिल्कवीड सुमारे 58 टक्क्यांनी घटले, असा अंदाज प्लेझंट्स आणि ओबरहाउझर या संशोधकांनी मांडला. मग लोक फुलपाखरांसाठी ते मुद्दाम अंगणात लावू लागले. पानांवर ठिपके, मावा, भोके दिसली की त्यांना काळजी वाटू लागली. इथे अडचण अशी, की मावा मारणारे कीटकनाशक सुरवंटालाही मारते. चुकीच्या निदानाची किंमत इथे ज्याच्यासाठी झाड लावले त्यालाच मोजावी लागते.

जंतू कारण की परिणाम?

अठराव्या शतकापर्यंत सर्वसाधारण समज असा होता, की झाड आधी आजारी पडते आणि मग त्यावर बुरशी उगवते. 1807 साली फ्रान्समधील बेनेदिक्त प्रेव्हो याने गव्हाच्या काणीचे बीजाणू रुजताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि बुरशी हेच रोगाचे कारण आहे असे मांडले. विद्वानांना ते पटले नाही. 1845 साली आयर्लंडमधील बटाट्याचे पीक करप्याने सडले. पुढील वर्षी माइल्स बर्कली या इंग्रज पाद्र्याने दोष बुरशीला दिला; वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली मात्र दमट, वाईट हवेला दोष देत राहिला. 1861 साली जर्मनीच्या अंतोन द बारी याने निरोगी बटाट्याच्या झाडाला त्या बुरशीचे बीजाणू लावून रोग घडवून दाखवला, तेव्हा वाद मिटला.

1880च्या दशकात रॉबर्ट कॉख आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या विचाराला कसोट्यांचे रूप दिले. संशयित जंतू रोग्यात सापडला पाहिजे, तो वेगळा काढून वाढवता आला पाहिजे, निरोगी शरीरात सोडल्यावर तोच रोग झाला पाहिजे आणि तिथूनही तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे. नुसते शेजारी दिसणे हा पुरावा नव्हे.

हा धडा मिल्कवीडच्या पानाला लागू करून पाहू. पावसाळी हवेत खालच्या पानांवर तपकिरी, कधी पिवळी कडा असलेले ठिपके दिसले आणि ते हळूहळू वर चढत गेले, तर बुरशीचा संशय घ्यावा. पानावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके आणि मागे नाजूक जाळे दिसले, तर ते कोळ्यांचे काम असते. पिवळा, काळ्या पायांचा मावा कोवळ्या शेंड्यावर दाटी करतो. त्याच्या अंगातून पडणाऱ्या गोड, चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते. ती ओल्या फडक्याने पुसली जाते, कारण तिने पानात शिरकाव केलेला नसतो. इथे बुरशी हा खरोखरच परिणाम आहे. याच माव्यात काही किडे फुगलेले आणि तपकिरी दिसतात. त्यांच्या पोटात इवल्याशा परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढलेली असते, म्हणजे उपाय आधीच सुरू झालेला असतो. आणि पानाला भोके दिसली, तर मागे पट्टेदार सुरवंट आहे का ते आधी पाहावे. तसे असेल, तर ती कीड नव्हे, तो पाहुणा आहे.

ठिपका आहे, जंतू नाही

पण मिल्कवीडच्या पानावर असाही ठिपका पडतो, ज्यात बुरशी नसते, जिवाणू नसतो आणि कीडही नसते. 1950च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व भागात तंबाखूच्या पानांवर बारीक डाग पडत. जंतू सापडेना, म्हणून त्याला 'हवामानाचा डाग' म्हणत. 1959 साली हेगस्टॅड आणि मिडलटन यांनी दाखवले, की कारण ओझोन वायू आहे. मोटारींच्या धुरातील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे हागेन-स्मिट याने 1950च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करताना सिद्ध केले होते. हा ओझोन पर्णरंध्रांतून आत शिरून पेशी मारतो.

इथे कॉखच्या कसोट्या चालत नाहीत, कारण ओझोन बशीत वाढवता येत नाही. पण विचार तोच राहतो. वरून उघड्या, पारदर्शक कक्षांत काही झाडांना साधी हवा आणि काहींना कोळशातून गाळलेली, ओझोन काढलेली हवा द्यायची. गाळलेल्या हवेत ठिपके पडले नाहीत, तर गुन्हेगार सापडला. मिल्कवीड ओझोनला फार संवेदनशील आहे. व्हर्जिनियातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातील मिल्कवीडवर ओझोनचा परिणाम 1981 साली डुशेल आणि स्केली यांनी नोंदवला. जुन्या पानांच्या फक्त वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत जांभळट-काळे ठिपके पडतात. शिरा स्वच्छ राहतात, आणि दुसऱ्या पानाच्या सावलीत झाकलेला भागही स्वच्छ राहतो. शहरापासून दूर, डोंगरातील उद्यानात! लिंडलीने हवेला दिलेला दोष बटाट्याच्या बाबतीत चुकीचा ठरला होता. मिल्कवीडच्या बाबतीत हवा दोषी ठरली, पण पुराव्यानिशी. या पानावर बुरशीनाशक फवारून काय होणार?

जंतू आहे, ठिपका नाही

याच्या अगदी उलट प्रकार आणखी गंभीर आहे. फ्लोरिडातील मोनार्क फुलपाखरांत 1960च्या दशकात एक एकपेशीय परजीवी आढळला. 1970 साली मॅकलाफलिन आणि मायर्स यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बाधित मादी अंडी घालताना अंड्यांवर आणि पानांवर त्याचे बीजाणू सांडते. सुरवंट ते पानाबरोबर खातो. बाधा जास्त असेल, तर फुलपाखरू कोषातून नीट बाहेर पडत नाही किंवा पंख चुरगळलेले राहतात. पान मात्र हिरवेगार आणि निर्दोष दिसते. निदान पानावर होत नाही. फुलपाखराच्या पोटाला चिकटपट्टी हलकेच लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.

देशी मिल्कवीड हिवाळ्यात सुकून जाते आणि त्याबरोबर पानांवरचे बीजाणूही जातात. पण बागांसाठी सहज मिळणारी अमेरिकेच्या उष्ण भागातील जात दक्षिणेकडील उबदार राज्यांत वर्षभर हिरवी राहते. तिथे काही मोनार्क स्थलांतर सोडून राहू लागले. 2015 साली सॅटरफील्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की या मुक्कामी फुलपाखरांत बाधेचे प्रमाण स्थलांतर करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. प्रेमाने लावलेले, निरोगी दिसणारे झाडच रोगाचे ठाणे बनले होते. म्हणून तिथे शरद ऋतूत ही झाडे जमिनीलगत छाटण्याचा आणि शक्यतो देशी जाती लावण्याचा सल्ला दिला जातो.

हीच उष्ण प्रदेशातील जात आपल्याकडे हळदी-कुंकू या नावाने बागेत लावतात. मोनार्क आपल्याकडे नाही, पण त्याचा भाऊबंद प्लेन टायगर रुईवर आणि हळदी-कुंकवावर अंडी घालतो. तोच पिवळा मावा रुईवर आणि कण्हेरीवरही दिसतो. शाळेजवळची एखादी रुई वर्गाला निरीक्षणासाठी पुरेशी आहे. मुलांनी चीक डोळ्यांत जाऊ नये याची काळजी घ्यावी, पाने न तोडता पाहावीत आणि प्रत्येक डागासाठी वहीत चार रकाने करावेत: डाग पानाच्या कोणत्या बाजूला आहे, जुन्या पानावर की नव्या, पुसला जातो का, आठवड्याने वाढला का. कारणाचा रकाना शेवटी भरावा. तो काही दिवस रिकामा राहिला तरी चालेल.