विस्मृतीचे पाणी

ग्रीक पाताळ म्हटले की आपल्याला लेथे ही विस्मृतीची नदी आठवते. होमरच्या पाताळात मात्र ती नाहीच. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ओडिसियसची मृत आई अँटिक्लिया समोर बसूनही मुलाला ओळखत नाही, बळी दिलेल्या मेंढ्यांचे रक्त प्यायल्यावरच तिला ओळख पटते. म्हणजे तेथे मृतात्मे पितात ते आठवण्यासाठी. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’अखेरीस हे सारे उलटते. पुनर्जन्माला निघालेले आत्मे लेथेचे रखरखीत मैदान ओलांडून पाणी पितात आणि सगळे विसरतात. (अविवेकी आत्मे प्रमाणाबाहेर पितात, हा खास प्लेटोचा टोला.)

या दोन टोकांच्या मधली, इसवी सनपूर्व ४००च्या सुमाराची, एक सोन्याची पातळ पट्टी आम्हांला अधिक अस्वस्थ करते. १९६९ साली दक्षिण इटलीतील हिपोनियन येथे ती एका स्त्रीच्या थडग्यात सापडली. पांढऱ्या सायप्रसजवळच्या झऱ्याकडे फिरकू नकोस, पुढे जा, रक्षकांजवळ स्मृतीच्या तळ्याचे थंड पाणी माग, असे तीवर कोरले आहे. टाळायच्या त्या झऱ्याचे नाव पट्टीवर नाही. मृत्यूनंतर हे सारे तिला आठवेल अशी खात्री असती, तर ते लिहून तिच्यासोबत कशाला पुरले असते?